नौसाचं पाकीट

माझी पाचवी मुलगी जन्मली आणि सासूबाईंनी तिचं नाव नकुसा ठेवलं, त्या सालची ही गोष्ट. आमच्या माण भागात तेव्हा तशी रीत होती. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीला नकुसा म्हणायचं, म्हणजे देव समजून घेतो आणि पुढच्या खेपेला मुलगा देतो. बारशाच्या दिवशी माझी धाकटी जाऊ नौसा पाळण्याची दोरी धरून बसली होती. नाव ऐकल्यावर तिने दोरी सोडली.

"म्या न्हाई बया असल्या नावानं हाक मारायची," ती म्हणाली. "म्या हिला राणी म्हननार."

"म्हन की," सासूबाई म्हणाल्या. "तुझं देव ऐकत असता तर तुला माझ्या घरात कशाला धाडली असती?"

सगळ्या बाया हसल्या. नौसाही हसली. मी बाजेवर पडून होते, मला हसू आलं नाही.

आम्ही सनगर, घोंगडी विणणारे. माझा नवरा धोंडीबा दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसायचा. त्याचा धाकटा भाऊ ज्ञानू, म्हणजे नौसाचा नवरा, तयार घोंगड्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकून बाजार करत कोकणापर्यंत जायचा. महिन्याने यायचा, चार-सहा दिवस राहायचा, पुन्हा जायचा. लोकर निवडणं, पिंजणं, सूत कातणं आणि ताण्याला लावायची चिंचोक्याची खळ शिजवणं ही आम्हा दोघी जावांची कामं. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या ओट्यावर बसून दोघींवर नजर ठेवायच्या.

नौसाला गोदी नावाची एकच मुलगी होती. नकुसाच्या आदल्या वर्षी तिला दुसऱ्या वेळचे दिवस भरले आणि मूल आडवं आलं. बैलगाडीतून तालुक्याला न्यायला उशीर झाला. मुलगा होता, तो गेला. नौसाची पिशवी फाटली होती, ती डॉक्टरांनी शिवली. त्यांनी ज्ञानूला बाहेर बोलावून सांगितलं, "हिला पुन्हा दिवस गेले तर ही जगणार नाही. आत्ताच ऑपरेशन करून टाकतो." ज्ञानू आईकडे बघायला लागला. आत्याबाई म्हणाल्या, "एकच लेकरू, ती बी पोरगी. आपरेशन न्हाई." शेवटी डॉक्टर म्हणाले, मग निदान गोळ्या तरी द्या. ज्ञानूने त्याला मान हलवली.

त्या गोळ्या आणायच्या नर्सबाई. सोनटक्के त्यांचं आडनाव. आमच्या भागात तेव्हा परदेशी मदतीवर चालणारी एक संस्था होती, तिची जीप पंधरा दिवसांनी यायची. नाव घातलेल्या बाईला गोळ्यांचं पाकीट मिळायचं, अठ्ठावीस गोळ्यांचं. महिन्याने रिकामं पाकीट परत दिलं की नवीन पाकीट आणि घरातल्या लेकरांसाठी दुधाच्या पावडरीची पिशवी. रिकामं पाकीट नसेल तर पावडर नाही. नाव घालायला मात्र नवऱ्याचा अंगठा लागायचा.

नकुसा दोन महिन्यांची झाली तेव्हा नर्सबाई कागद घेऊन मागाजवळ आल्या.

"धोंडीबा, आनसाबाईंचं नाव घालू का? बाळ अंगावर पितंय. दोन वर्षं तरी बाईला उसंत मिळेल."

"पोरगा हुईस्तवर काय घालू नगा," माग न थांबवता तो म्हणाला.

"पाच झाल्या की आता."

"म्हनून तर."

"तिच्या अंगात रक्त नाही हो. डोळे बघा कसे पांढरे पडलेत."

"नर्सबाई, धाकटीचं नाव घातलंया ना? डाक्टरनं सांगितलं म्हनून घातलं. हिला कुठं डाक्टरनं काय सांगितलंय?"

आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "ही धडधाकट हाय. पाच बाळातपनं घरातच झाली. एकदा सुईनीला सुदिक बोलवाय लागलं न्हाई."

नर्सबाई माझ्याकडे बघून गेल्या. मी लोकर निवडत होते. काळी वेगळी, पांढरी वेगळी.

त्या चैत्रात माझा महिना चुकला. नकुसा तीन महिन्यांची होती. मी कुणाला सांगितलं नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. अकराव्या दिवशी भर दुपारी सगळे आडवे झाले असताना मी गुरवाच्या विहिरीवर गेले. घागर नेली नव्हती. काठावर बसून पाय आत सोडले. पाणी लांब खाली होतं, उन्हाने हिरवं दिसत होतं. किती वेळ बसले आठवत नाही. मग मला पान्हा फुटला, चोळी ओली झाली, आणि मी उठून घरी आले. नकुसा खरंच रडत होती. दुसऱ्या दिवशी मला पाळी आली. मला वाटलं, विहिरीचं माझं मला माहीत, दुसऱ्या कुणाला नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी आम्ही अंगणात खळ शिजवत होतो. चिंचोक्याची खळ सारखी ढवळावी लागते, नाहीतर खाली धरते. मी ढवळत होते, नौसा जाळ घालत होती. तिने कमरेची चंची सोडली आणि त्यातून पाकीट काढलं.

"आक्का, हात कर."

"काय गं?"

"कर म्हनते न्हवं!"

तिने माझ्या तळहातावर एक पांढरी गोळी ठेवली.

"खा. आत्याबाई बघत न्हाईत तवर."

"येडी हायस? तुझ्या हायत्या त्या. डाक्टरनं तुला दिल्यात."

"मला कशाला लागत्यात एवढ्या? आमचं मालक म्हयन्यातनं चार दिस घरात. ते आलं की म्या खाते. बाकीच्या काय लोनचं घालू? ताप नसताना तापाची गोळी कोन खातंय का?"

"पन नर्सबाई..."

"नर्सबाईला रिकामं पाकीट पाहिजे. ते रिकामं हुतंय, मग झालं. तुझा नवरा रोज घरात. तुला रोजची लागती." मग तिने डोळे मिचकावले. "दिसभर खड्ड्यात बसतोय तरी दमत न्हाई म्हनतीस ना?"

"गप गं!"

"खळ ढवळ. करपली की त्या म्हातारीच्या नाकाला लगी वास लागतोय."

मला ते पटलं. खोकला झाला की खोकल्याचं औषध, ताप आला की तापाचं. आमच्याकडे औषध असंच घ्यायचे आणि असंच वाटून घ्यायचे. एका घरात आणलेली मलमाची डबी आळीतल्या चार घरी फिरायची. मी गोळी जिभेवर ठेवली आणि ओंजळभर पाण्याने गिळली.

तेव्हापासून रोज सकाळी नौसा मला एक गोळी द्यायची. कधी खळ ढवळताना, कधी लोकर पिंजताना, कधी नुसती तिच्या मुठीतून माझ्या मुठीत. ज्ञानू घरी आला की त्या दिवसांच्या ती स्वतः घ्यायची. मी विचारायचे, "घेतलीस?" ती म्हणायची, "घेतली की." ज्ञानू घरी असायचा तेवढे दिवस माझ्या चुकायच्या, मग मी जिवाला घोर लावून धोंडीबाला काहीबाही सबबी सांगायचे. पण माझी पाळी वेळेवर यायला लागली. मी माझ्या सासरच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा पोटभर झोपले.

रिकामं पाकीट वेळेवर जायचं, दुधाची पिशवी वेळेवर यायची. गोदी आणि माझ्या धाकट्या दोघी त्या दुधावर बाळसं धरायला लागल्या. आत्याबाईसुद्धा पावडरीचा चहा पिऊन म्हणायच्या, "धाकटीनं घरात गाय बांधली म्हनायची." नर्सबाई वहीत खूण करायच्या आणि इतर बायकांना सांगायच्या, "नौसाबाईंचं बघा. आजपर्यंत एक पाकीट उशिरा नाही."

आषाढात पाऊस लागला आणि ज्ञानू दहा-बारा दिवस घरीच अडकला. पावसात घोंगडी विकायला फिरता येतं, पण नदीच्या पलीकडचे बाजार बंद होते. त्या दिवसांत नौसा मला म्हणाली, "आता पाकीट माझं. तू थोरल्या भावजीस्नी सांग, कंबर धरलीया." मी तसं सांगितलं. तिने पाकीट चंचीत ठेवलं. मी मोजलं नाही. मला वीसच्या पुढे मोजताच येत नव्हतं.

घटस्थापना झाली आणि नर्सबाई सांगून गेल्या की पुण्याहून साहेब आणि परदेशातून मडम येणार आहेत. संस्थेला ज्यांची मदत येते त्या लोकांपैकी. त्या आमच्या घरी येणार, नौसाशी बोलणार. आत्याबाईंनी अंगण सारवून घेतलं. धोंडीबाने मागावर चांगल्यातली घोंगडी लावली, मडम विकत घेईल म्हणून.

त्या सकाळी नौसा शेळ्यांच्या कुडाआड ओकताना मला दिसली. मी तिची पाठ धरली. तोंड पुसून तिने वर बघितलं आणि मला कळलं.

"कितवा?"

"तिसरा सरत आलाय."

मी कुडापलीकडे कुणी आहे का ते बघितलं.

"अगं, तू घेतल्यास न्हवं गोळ्या? भावजी हुते तवा?"

"घेतल्या की."

"मग कसं?"

"न्हाई लागू पडली. कुनाकुनाला न्हाई पडत." ती कुडाची काटकी मोडत होती. "आनि पोरगा असंल तर? आत्याबाईंचं तोंड एकदाचं बंद हुईल."

"डाक्टर काय म्हनला हुता नौसा?"

"म्या ऐकलंय ना. पोट माझं फाडलं हुतं, तुझं न्हवं."

"आत्ता नर्सबाईला सांगते. अजून वेळ हाय. तालुक्याला पोट मोकळं करत्यात, म्या ऐकलंय."

तिने माझं मनगट धरलं. तिचा हात ओला आणि गार होता.

"आज न्हाई. आज त्या बाईनं नवी साडी काढलीया. साऱ्या साहेबांपुढं तिचं तोंड काळं करतीस? आनि सांगितल्यावर इचारतील, पाकिटं रिकामी आली ती कुनी खाल्ली? मग काय सांगशील? थोरलं भावजी तुझी हाडं मोडतील आक्का. त्यांनी अंगठा दिला न्हवता."

"मग कवा सांगायचं?"

"बघू. दिवाळी हू दे."

दुपारी जीप आली. मडम उंच होती, डोक्याला रुमाल, पायात पुरुषांसारखे बूट. ती खाली आमच्या घोंगडीवर मांडी घालून बसली. बसताना तिचा गुडघा वाजला आणि ती स्वतःच हसली. मला ती आवडली. तिच्याबरोबर पुण्याची एक मुलगी होती, ती तिचं मराठीत सांगायची. नर्सबाई हात बांधून मागे उभ्या होत्या. अर्धा गाव कुडाबाहेर.

"त्या विचारतायत, तुम्हाला रोज आठवण कशी राहते?"

"भाकरीच्या पिठाला हात घालायच्या आधी," नौसा म्हणाली. "पिठाचा इसर पडतोय का कवा?"

"त्या विचारतायत, नवरा घरी नसतो तेव्हाही घेता का?"

"त्येचा काय संबंध? नवरा कोकनात असूंदे न्हाईतर काशीत. रोज एक. मधी एक जरी चुकली तरी समदं फुकाट."

पुण्याच्या मुलीने ते सांगितलं. मडमेने टाळ्या वाजवल्या. बाहेरच्या बायका खिदळल्या. नर्सबाईंचा चेहरा लाल झाला, त्यांनी पदराने डोळे टिपले. मी दारात नकुसाला घेऊन उभी होते. मला वाटलं, नर्सबाईंनी काल हिला हे पढवलं असणार. ही पोपटासारखं बोलून मोकळी झाली.

मडम मग माझ्याकडे वळली. "आणि या? या घेत नाहीत?"

"तिला न्हाई लागत," आत्याबाई मध्येच म्हणाल्या. "ती धडधाकट हाय."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा बोलू शकले असते. मडम समोर बसली होती, जीप दारात उभी होती, तालुका दीड तासावर होता. नौसा माझ्याकडे बघत नव्हती, ती गोदीच्या केसातून हात फिरवत होती. मी म्हणाले, "व्हय. मला न्हाई लागत."

फोटो काढला. नौसाला स्टीलचं पातेलं दिलं. मडमेने घोंगडी विकत घेतली, धोंडीबा खूश झाला. संध्याकाळपर्यंत आत्याबाई गावाला सांगत होत्या की गोरी बाई आमच्या घरचं पाणी प्यायली.

दिवाळी झाली. मी बोलले नाही. दिवाळीनंतर बोलणार होते, तेव्हाही बोलले नाही. नौसा पदर सैल घ्यायची, घागर मी घेऊ द्यायचे नाही. आता खरं सांगते. भीती नुसती धोंडीबाच्या हाडं मोडण्याची नव्हती. मी बोलले असते तर नौसाचं पाकीट बंद झालं असतं. त्या दीड महिन्यात नौसाला गोळ्यांचा काही उपयोग नव्हता. नर्सबाईंनी दिलेलं पाकीट ती अख्खं माझ्या हातात ठेवायची आणि मी ते अख्खं खायचे.

पाचव्या महिन्यात आत्याबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी नौसाच्या पोटाकडे बघितलं आणि तिची दृष्ट काढली. "बघा, देवानं मनावर घेतलं. गोळ्या घेऊन बी ऱ्हायलं, म्हंजे पोरगाच." ज्ञानू घरी होता. तो घाबरला होता, पण आईपुढे बोलला नाही.

त्या आठवड्यात जीप आली तेव्हा मी नर्सबाईंना गावाबाहेरच्या हौदाजवळ गाठलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"पाचवा?"

"व्हय."

"गोळ्या तुम्ही घेत होता?"

"व्हय. ती भावजी आले की घ्यायची. चार दिस. आम्हांस्नी वाटलं, तेवढ्या पुरं. माझी चूक हाय नर्सबाई. आम्ही अडानी. आम्हांस्नी कळलं न्हाई."

त्यांनी माझा दंड धरला.

"आनसाबाई, तिला कळलं होतं."

"काय?"

"पहिलं पाकीट दिलं तेव्हा मी तिला तासभर बसवून सांगितलं. नवरा असो नसो, रोज एक. चार दिवस घेऊन काही होत नाही. तिच्याकडून म्हणवून घेतलं, तीनदा. ती मला म्हणाली, एकदा सांगितलं की कळतंय मला, मी काय शेळी आहे का?"

"मडमेपुढं बोलली ते तुमी पढवलं न्हवतं?"

"मी काहीच पढवलं नव्हतं. ती काय बोलेल याची मला भीती वाटत होती."

मी घरी आले. नौसा भिंतीला टेकून टकळीवर सूत कातत होती. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी तिच्या हातातली टकळी काढून घेतली.

"तुला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"चार दिसाच्या गोळीनं काय हुत न्हाई हे ठावं हुतं. नर्सबाईनं तीनदा म्हनवून घेतलं तुझ्याकडनं."

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "ती बाई लई बोलती."

"कशापायी दिल्यास गं मला?"

"टकळी दे. सूत तुटतंय."

"नौसा!"

"गुरवाच्या हिरीवर कोन बसलं हुतं?" ती म्हणाली. "भर दुपारी. घागर न घेता."

मी दाराकडे बघितलं.

"म्या तुझ्या मागं आलते. बाभळीखाली हुते. वरडावं तर तू दचकून पडशील, म्हनून वरडले न्हाई. पदर तोंडात घालून बसलेते." तिने माझ्या हातातून टकळी घेतली आणि फिरवली. "पाच पोरी गं आक्का. तू गेली असतीस तर माझ्याच गळ्यात पडल्या असत्या. एवढ्या पोरींच्या वेन्या कोन घालनार?"

"पन मरशील म्हनून डाक्टरनं तुला सांगितलं हुतं."

"मला सांगितलं हुतं. तू तर न सांगताच निघाली हुतीस."

मी तिच्या पायाशी बसले. ती सूत कातत राहिली.

"म्हयन्यातनं चार दिस," ती म्हणाली. "म्या म्हनलं, चार दिसात काय हुतंय. म्या कायबाय सांगून त्यास्नी लांब ठिवत हुते. पन आषाढात बारा दिस पाऊस लागला."

"तवा तर पाकीट तुझ्याकडं हुतं."

"तवा घेतल्या. रोज घेतल्या. पन नर्सबाईनं सांगितलेलं खरं निघालं बघ. मधनंच चालू करून काय उपेग न्हाई."

नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः जीपमधून नौसाला तालुक्याला नेलं. मी बरोबर होते. त्याच डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी नर्सबाईंना झापलं, मग माझ्याकडे वळले.

"तिसऱ्या महिन्याच्या आत आणली असती तर सोपं होतं. त्याच दिवशी घरी गेली असती. आता हात लावला तरी धोका, नाही लावला तरी धोका. वजन उचलायचं नाही, आणि आठवा लागायच्या आधी इथे आणून ठेवा. घरी एक कळ सुद्धा येता कामा नये."

परत येताना नर्सबाई मला म्हणाल्या, "माझ्या वहीत तिच्या नावापुढे सगळ्या खुणा बरोबर आहेत. एकही चुकलेली नाही." आणि त्या जीपच्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

मी घरात सांगितलं की गोळ्या मी खाल्ल्या. सगळ्यांसमोर सांगितलं. धोंडीबाने खड्ड्यातून वर येऊन मला मारलं. नौसा मध्ये पडायला उठली तेव्हा ज्ञानूने तिला धरलं. आत्याबाई म्हणाल्या, "माझा नातू हिनं गिळला." कुणाचा नातू, कुठला नातू, ते मी विचारलं नाही. पाकीट बंद झालं, पावडरही बंद झाली.

नौसाला मी जागेवरून हलू दिलं नाही. पाणी, शेण, लोकर, खळ सगळं मी केलं. ती बसून माझ्या पोरींच्या वेण्या घालायची, नकुसाला राणी म्हणून खेळवायची. माघ संपता संपता सातवा सरायला आला. ज्ञानू कऱ्हाडच्या बाजूला गेला होता, तो रविवारी यायचा होता, आणि सोमवारी तिला तालुक्याला नेऊन ठेवायचं ठरलं होतं. मी म्हणत होते, आजच नेऊ. आत्याबाई म्हणाल्या, नवरा घरात नसताना सुनेला बाहेर नेऊन ठेवायची नाही, लोक काय म्हणतील. मी आणखी एक दिवस थांबले. मग आणखी एक.

शुक्रवारी सकाळी भाकरी खाऊन नौसा उठली आणि पुन्हा बसली.

"आक्का, आत कायतरी सुटलं."

कळा नव्हत्या. पोट दगडासारखं झालं होतं आणि ओठ पांढरे. मी कुणाला विचारलं नाही. थोरल्या सुभद्राला शाळेवर पळवलं. मास्तरांनी सायकलवरून शेजारच्या गावी जाऊन संस्थेची जीप आणली. दोन तास गेले. चार बायकांनी घोंगडीची झोळी करून तिला आत ठेवलं. नर्सबाई पुढे, मी मागे, तिचं डोकं माझ्या मांडीवर.

रस्ता खडीचा होता. नर्सबाई ड्रायव्हरला एकदा म्हणायच्या जोरात चला, एकदा म्हणायच्या हळू चला.

"राणी रडत असंल," नौसा म्हणाली. "तिला पाजलंस का?"

"पाजलंय. तू बोलू नगंस."

"गोदीला तुझ्यात घे. सहावी." ती जराशी हसली. "आत्याबाई बोंब मारतील."

"मारू दे."

"आक्का, लई गार वाजतंय."

मी माझा पदर सोडून तिच्यावर घातला. नर्सबाईंनी त्यांची शाल मागे टाकली. मी तिचे हात चोळत होते. म्हणत होते, आलं बघ, वळण आलं, आता तळं दिसंल, तळं आलं की दवाखाना. तळं दिसलं तेव्हा मी तिला सांगितलं. नर्सबाईंनी मागे वळून तिचं मनगट धरलं आणि मग ड्रायव्हरला सांगितलं, आता घाई करू नका.

पंधरा दिवसांनी मी एकटी चालत सडकेवर गेले आणि जीपने तालुक्याला जाऊन ऑपरेशन करून आले. कागदावर नवऱ्याचा अंगठा लागत होता. तिथे मी माझा डावा अंगठा उठवला. नर्सबाईंनी ते पाहिलं आणि कागद पुढे सरकवला. घरी आल्यावर धोंडीबाने दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. मग खळ करपली म्हणून एकदा बोलला.

गोदीला मी वाढवलं. सहाही मुली लग्न होऊन आपापल्या घरी आहेत. पुढे प्रौढांच्या वर्गात मी अक्षरं शिकले, तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन नौसाची नोंद काढून घेतली. 'मृत्यूचं कारण' या रकान्यात नुसतं 'बाळंतपण' असं लिहिलं आहे.

नौसा ज्ञानू सनगर शुक्रवार, २२ फेब्रुवारी १९८५ रोजी दुपारी, तालुक्याच्या तळ्याजवळ जीपमध्ये वारली. ती चोवीस वर्षांची होती. पोटातलं मूल तिच्याबरोबर गेलं, ते नंतर दवाखान्यात काढलं. ती मुलगी होती.